आवाजाची शेपटी

रूपेशने थप्पडीचा आवाज आणखी अर्धा सेकंद पुढे सरकवला आणि चित्र पुन्हा चालू केलं. आता मास्तरांचा हात पोराच्या गालावर बसला आणि बरोबर तेव्हाच 'फाट' असं वाजलं. मघापर्यंत थप्पड आधी वाजत होती आणि गाल नंतर वळत होता. आपल्याला मार बसणार हे पोराला ठाऊक असल्यासारखं दिसत होतं.

शनिवारची दुपार होती. सिंगापुरात, क्वीन्सटाउनच्या त्या जुन्या ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर पंखा गरगरत होता, आतल्या खोलीत बाबा वामकुक्षीला आडवे झाले होते आणि बायको विनीता लेकीला, क्षिप्राला, घेऊन पोहण्याच्या क्लासला गेली होती. रूपेशने हेडफोन कानांवर घट्ट दाबले. बोटीच्या इंजिनचा आवाज फोनवर ऐकून कुठला सिलिंडर आजारी आहे ते सांगणारा हा माणूस. पगार त्याचाच मिळायचा. नव्वद वर्षांपूर्वीची नऊ मिनिटांची फिल्म जुळवायला कितीसा वेळ लागणार?

फिल्मचं नाव 'कार्ट्यांची करामत'. सिनेमे नुकते बोलायला लागले होते तेव्हाची. मोठ्या चित्रपटाच्या आधी लोकांना हसवून बसतं करायला दाखवायचे, त्यातली. पाच टवाळ पोरं लग्नघराच्या मुदपाकखान्यात शिरतात, जिलेब्यांची परात पळवतात, मास्तर मागे धावतात, एवढीच गोष्ट. कोल्हापुरात काढलेली. काढणारे गोविंदराव हे यशोधनचे पणजोबा, आणि यशोधन म्हणजे इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष, बँकेतला मोठा साहेब. त्याच्या पुण्याच्या आत्याच्या माळ्यावर पत्र्याचे दोन डबे सापडले. एकात चित्र, दुसऱ्यात आवाज. मुंबईच्या लॅबने दोन्हींच्या वेगवेगळ्या फाइल करून पाठवल्या, आणि त्या जुळवायचं काम रूपेशकडे आलं. मंडळात काही लोक भाषणं करतात आणि काही लोक वायरी जोडतात. रूपेश बारा वर्षं वायरी जोडत होता.

पण ह्या वेळी त्याने काम मागून घेतलं होतं. पाच पोरांतलं पाचवं, काळं, बारकं, कान बाहेर आलेलं पोर म्हणजे त्याचा आजा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आप्पा आयुष्यभर सांगत आला होता. कोल्हापूरला असताना मी शिनेमात काम केलं. जिलेब्या खायचं काम होतं. अख्खी परात खाल्ली मी, कुणी हात धरला न्हाई. मिरजेच्या नगरपालिकेत झाडू मारून मारून म्हातारा झालेला माणूस ही गोष्ट सांगताना ताठ बसायचा. त्याचा पहिला फोटो निघाला तो पेन्शनच्या अर्जासाठी. त्याआधी त्याला तोंड होतं की नाही ह्याचा कुठे पुरावा नव्हता.

म्हणूनच तर बाबांना मिरजेहून महिन्याभरासाठी बोलावलं होतं. उद्या बिशानच्या हॉलमध्ये मंडळाचा दिवाळीचा फराळ, त्यात ही फिल्म. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस स्वतःच्या बापाला आठ वर्षांचा बघणार होता. शर्टाला त्यांनी स्वतः इस्त्री केली होती, दोनदा.

अडचण एवढीच होती, की फिल्मच्या सुरुवातीला पाटी येते, 'बाल-नट', आणि तिच्यावर नावं चार. चारही आडनावं चांगली सोवळ्यातली. पाचव्याचं नाव नाही. रूपेशने महिन्यापूर्वी यशोधनकडे विषय काढला तेव्हा तो गोड हसला होता. असेलही, म्हणाला, पण लेखी काही आहे का? ज्यांच्या घरात कागद ठेवायला कपाटं असतात ती माणसं नेहमी लेखी मागतात.

चित्र संपलं. 'समाप्त' आलं, पडदा काळा झाला. रूपेश हेडफोन काढणार, तेवढ्यात त्याचं लक्ष गेलं. आवाजाची फाइल अजून चालूच होती, चित्रापेक्षा दीड मिनिट लांब. त्या काळी आवाजाची पट्टी वेगळी घेत. चित्राची काटछाट झाली, पण आवाजाची ही शेपटी कापायची राहून गेली होती.

आधी नुसती खरखर. मग एक पोर ओकत होतं. ओकारीचा आवाज नव्वद वर्षांपूर्वीही तोच होता. मागे मोठी माणसं हसत होती.

"अहो, ह्याने खरंच खाल्ली की."

"घासलेट शिंपडलंय म्हणून सांगितलं नव्हतं काय पोरांना?"

"त्या चौघांना सांगितलं होतं."

पुन्हा हसणं. मग एक भारदस्त, सावकाश आवाज आला, हुकूम सोडायची सवय असलेला.

"असू दे, असू दे. तोंड पाहिलंत काय केलंन्? सोन्यासारखं तोंड. हेच पुन्हा घ्यायचं. ए पोरा, इकडे ये. नाव काय रे तुझं?"

आणि ओकून घसा सोललेला एक बारीक आवाज, शाळेत हजेरी देतात तसा:

"सत्याप्पा भैरू आवळे."

रूपेशने हेडफोन ओढून काढले. पुढचं ऐकलं नाही. ते टेबलावर पडले आणि त्यातून किडा बोलावा तसं काहीतरी पुटपुटत राहिलं. तो उठला, स्वयंपाकघरात गेला, ग्लास भरला, न पिता ओतून दिला. बाहेर कॉरिडॉरमध्ये आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. परत आला. शेजारच्या चिनी आजीने वाळत घातलेल्या चादरीआडून त्याच्याकडे पाहिलं.

युनिटमध्ये काम करणाऱ्यांची ती जुनी युक्ती असणार. खाण्याचा शॉट लांबला की पोरं परातीतलं संपवतात, म्हणून त्यावर रॉकेल मारून ठेवायचं. खाल्ल्यासारखं करायचं, गिळायचं नाही. चौघांना समजावून सांगितलं. पाचव्याला सांगायची कुणाला गरज वाटली नाही. घोडेवाल्याचं नाहीतर झाडूवाल्याचं पोर, त्याला कोण समजावत बसतो? आणि त्याने जिलेबी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली असणार.

लेखी मागितलं होतं ना? हे घे. लेखीपेक्षा पक्कं.

*

त्याच संध्याकाळी यशोधन त्याला बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत भेटला, हॉल बघायला आला होता म्हणून. दोन कोपी, इथली दाट गोड कॉफी, मागवल्या. मंडळाच्या नव्या टी-शर्टचे खोके बाजूच्या खुर्चीवर होते. रूपेशने फोन आणि इयरफोन पुढे केले. यशोधन ऐकू लागला, आधी कौतुकाने. पणजोबांचा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. 'सोन्यासारखं तोंड' ला त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. पोराने नाव सांगितलं आणि त्याने इयरफोन काढून ठेवला.

"बंद कर," तो म्हणाला.

मग त्याने बऱ्याच गोष्टी सांगितल्या. तो काळच तसा होता. कुणी मुद्दाम केलेलं नाही. घरात पणजोबा किती दयाळू होते, दुष्काळात त्यांनी कशा पंगती घातल्या होत्या. शिवाय उद्या लहान मुलं असणार, सणाचा दिवस, आणि हॉल देणाऱ्या कम्युनिटी क्लबचे दोन तमिळ पाहुणे. आजच्या चष्म्यातून जुनं बघू नये. रूपेश ऐकत राहिला आणि कपाच्या तळाशी साचलेलं कंडेन्स्ड मिल्क चमच्याने खरवडत राहिला, कपाला भोक पडेल इतकं.

"नाव तेवढं ठेव," यशोधन शेवटी म्हणाला. "नाव ठेव, बाकीचं काप. तुला जमेल की. मी भाषणात सांगतो ना. चांगलं सांगतो."

"नाव कुठून सुरू होतं ते ऐकलंस का? ओकारीतून सुरू होतं ते."

"मग सगळंच काप. रूपेश, तुझ्या वडिलांना हे ऐकवणार आहेस का तू?"

हा नेम मात्र बरोबर बसला. येताना रूपेश मेट्रोत, एमआरटीत, सीट असून उभाच राहिला होता आणि त्याने मनातल्या मनात अख्ख्या हॉलला हा आवाज ऐकवला होता. पाचशे जणांना, कान फाटेस्तोवर. त्या पाचशे जणांत पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून कोण बसलंय, ह्याचा विचार त्याने केला नव्हता.

उद्या बघू, असं म्हणून तो उठला. यशोधनने टी-शर्टचा साइझ विचारला.

*

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला. चकल्या, शंकरपाळे, आणि फिल्मला साजेशी म्हणून सेरांगून रोडवरून आणलेली जिलेबी. ती कल्पना यशोधनची. नव्याने आलेल्या एका बाईंनी बाबांना, काका तुम्ही मूळचे कुठले, असं विचारलं. मिरजेचे, बाबांनी सांगितलं. आणि आडनाव? बाबांनी तेही सांगितलं. बाई हो का म्हणाल्या आणि त्यांना शंकरपाळ्यांची आठवण झाली. रूपेशला सिंगापूरला येऊन वीस वर्षं झाली, आधी कायमचा रहिवासी म्हणून पीआर झाला, मग सिटिझन झाला, तरी हा प्रश्न विमानातून प्रत्येकाबरोबर येतो. त्याला व्हिसा लागत नाही.

बाबा पहिल्या रांगेत जाऊन बसले. मिरज जंक्शनवर तेहेतीस वर्षं मालगाडीवर गार्ड होते; बसायचे ते अजून पाठ टेकून नाही. शेजारी क्षिप्रा.

यशोधन माईकवर आला. पणजोबांनी कर्ज काढून कसा कॅमेरा आणला, मराठी मुलांना पडद्यावर कसं बोलतं केलं, ते त्याने छान सांगितलं. बोलायला तो हुशारच. आणि शेवटी म्हणाला, आपल्या मंडळाचे ध्वनी सांभाळणारे रूपेश, त्यांचे आजोबाही कदाचित ह्या बालचमूत असावेत, असं त्यांच्या घरी सांगितलं जातं. टाळ्या पडल्या. बाबांनी वळून मागे रूपेशकडे पाहिलं. चेहरा फुललेला. 'कदाचित' त्यांना ऐकूच आलं नव्हतं. रूपेशला दुसरं काही ऐकू आलं नव्हतं.

त्याने फाइल लावली. शेपटी कापलेली नव्हती. रात्रभर ती कापायची राहिली होती, की ठेवायची ठरली होती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बोट कीबोर्डवर होतं. 'समाप्त' आलं, की थांबवायचं किंवा थांबवायचं नाही.

चार नावांची पाटी गेली. पोरं मुदपाकखान्यात शिरली. हॉलमधल्या मुलांना मराठी अर्धंमुर्धंच कळत होतं, पण धोतर फिटलेला मास्तर कुठल्याही भाषेत कळतो. मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. मग परात आली. चौघा पोरांनी जिलेबी तोंडाशी नेऊन गालांची नुसती हालचाल केली, आणि कॅमेरा पाचव्यावर गेला. काळं, बारकं, कान बाहेर. त्याने जिलेबी तोंडात कोंबली, चावली. डोळे बारीक झाले. नाक वर गेलं, ओठ कानापर्यंत ताणले, जीभ बाहेर आली, आत गेली. आणि त्याने गिळलं.

हॉल कोसळला. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसत होते. "पापा, सो फनी ला!" असं क्षिप्रा मागे वळून ओरडली. आणि सगळ्यांत मोठ्याने बाबा हसत होते. ते उभे राहिले होते, बोट पडद्याकडे करून शेजारच्यांना, त्यांच्या शेजारच्यांना सांगत होते. माजा बा. त्यो बगा, माजा बा हाय त्यो.

रूपेशचं बोट आखडलं होतं. मास्तरांनी पोराला थप्पड मारली, आवाज बरोबर जुळला. पोरं पळाली. 'समाप्त'.

त्याने बटण दाबलं. थांबवलं.

टाळ्या. दिवे लागले. लोक पुन्हा ताटांकडे वळले. यशोधनने लांबून रूपेशकडे पाहून छातीवर हात ठेवला, आभार मानतात तसा. रूपेशने मान खाली घातली आणि उगीचच एक वायर गुंडाळायला घेतली. गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. आपण भित्रे आहोत की चांगले मुलगे आहोत, दोन्हींची चव सारखीच लागते.

मान वर केली तर बाबा टेबलापाशी उभे होते. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण कुणी तरी आतून दिवा काढून नेल्यासारखं.

"ते तोंड मी बघितलंय रं," ते म्हणाले.

"कुठलं?"

"जिलेबी खाताना केलेलं. घरात आई स्टोव्ह पेटवायची न्हवं, पंप मारला की आप्पा अगदी तस्संच तोंड करायचा आन् भाईर जाऊन बसायचा. थंडी असू दे, पाऊस असू दे. स्वयंपाक हुईस्तोवर आत यायचा न्हाई. आमी म्हणायचो, म्हाताऱ्याला दमा हाय." ते थांबले. "दमा नव्हता त्याला. डॉक्टर बी म्हणला हुता, छाती साफ हाय."

बोलण्यासारखं सगळं रूपेशच्या तोंडावर होतं, आणि बाबांनी ते वाचलं.

"जिलेबीला काय लावलं हुतं?"

"बाबा, घरी जाऊन बोलू."

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. चित्र थांबवल्यावर तळाशी जी रेघ उमटते ती तिथे अजून होती. पांढरी जिथपर्यंत आली होती तिथे तुटून पुढे करडी उरलेली.

"ती रेघ संपली न्हाई अजून," ते म्हणाले. "मगाधरनं बघतोय. तेहेतीस वर्षं शेवटच्या डब्यात बसून हिरवा बावटा दाखवलाय मी. शेवटचा डबा आल्याबिगर गाडी आली म्हणत न्हाईत. लाव."

"बाबा, नको."

"लाव म्हणतोय न्हवं."

आवाज चढलेला नव्हता. पण ते खुर्चीकडे गेले, पाठ न टेकता बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. रूपेशने बटण दाबलं.

पडदा काळाच राहिला आणि हॉलमध्ये एक पोर ओकू लागलं. लोकांना आधी वाटलं इथलंच कुणाचं तरी मूल. दोन आया धावल्या. मग हसणं, घासलेट, त्या चौघांना सांगितलं होतं. ताटं हातातच राहिली. यशोधन मधल्या वाटेने टेबलाकडे निघाला आणि तो भारदस्त आवाज ऐकून अर्ध्यात उभा राहिला, घरातल्या वडीलधाऱ्याने हाक मारावी तसा.

"नाव काय रे तुझं?"

"सत्याप्पा भैरू आवळे."

बाबांचे ओठ हलले. बापाचं नाव त्यांनी बापाच्याच आवाजाबरोबर म्हटलं.

ह्यापुढचं रूपेशनेही ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं. खरखर वाढली, मग कमी झाली.

"भैरूचा काय? आपल्या घोडेवाल्याचा? बरं. असंच तोंड पुन्हा करायचं हां. आणखी एक खाशील?"

कुणी तरी नाक ओढलं. मग तोच बारीक आवाज, अगदी अदबीने, सौदा करावा तसा:

"खातो जी. पर एक चांगली द्या. भनीला न्यायला."

कुणी तरी काही उत्तर देणार, श्वास घेतल्यासारखा आवाज आला, आणि पट्टी संपली. रेघ टोकाला लागली.

एक लहान मूल आईला इंग्रजीत काहीतरी विचारत होतं आणि आई त्याला गप्प करत होती.

बाबा उठले. ते रूपेशकडे आले नाहीत. मधल्या वाटेत यशोधन उभा होता, भाषणाचा माईक अजून हातात, चालू. बाबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. यशोधनपेक्षा ते वीतभर बुटके होते. त्यांना मान वर करावी लागली. चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि त्या घरातलं विचारायला दुसरं कुणी समोर नव्हतं.

"दिली असंल का वो?" त्यांनी विचारलं.

माईकमधून तो प्रश्न हॉलभर गेला. यशोधनने उत्तरासाठी तोंड उघडलं. लोक वाट पाहत राहिले.